न आवडलेलं जेवण

ज्या पोरीनं जन्मात चित्रांचं प्रदर्शन पाहिलेलं नाही, तिच्यासमोर एक कार्ड सरकवायचं, 'तुम्ही पाहिलेल्या एका चित्रप्रदर्शनाबद्दल दोन मिनिटं बोला', आणि ती अडखळली की निकालात सांगायचं, हिचं इंग्रजी कमी पडतं. मला याची इतकी चीड येते की काय सांगू. माझ्या हातात असतं तर ती कार्डं तयार करणाऱ्या मंडळींना मी एका रांगेत बसवलं असतं आणि म्हटलं असतं, बोला, सोयाबीनच्या मळणीवर बोला. तुमच्याच भाषेत बोला. विचार करायला एक मिनिट घ्या हवं तर. मग पाहिलं असतं कुणाचं इंग्रजी किती वेळ टिकतं ते.

मी नांदेडला कॉलेजात इंग्रजी शिकवते. शिकवता शिकवता केस पांढरे झाले. मी तापट आहे हे कॉलेजात सगळ्यांना माहीत आहे आणि त्याचा मला फायदाच होतो, वर्गात शांतता राहते. पण हा जो राग सांगतेय तो वर्गातला नाही, घरातला आहे. तो माझ्या भाचीच्या परीक्षेपायी आला आणि अजून पुरता गेलेला नाही.

भाची म्हणजे माझ्या नणंदेची मुलगी. घर उदगीरचं, वडिलांचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, डाळीचं दुकान. ती लातूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नर्स होती, आयसीयूमध्ये. परदेशातल्या एका दवाखान्यानं फोनवर तिची मुलाखत घेतली आणि तिला नोकरी देऊ केली. मुलाखत अर्थातच इंग्रजीत झाली, चांगली लांबली, आणि समोरच्या बाई तिच्यावर खूश झाल्या. विषय काय होता, तर तिचा वॉर्ड. फक्त एक अट होती. परदेशी जाणाऱ्यांची जी इंग्रजीची परीक्षा असते, तिच्यात वाचन, लेखन, ऐकणं आणि बोलणं अशा चारही भागांत ठरलेले गुण हवेत. तीन भागांत तिनं ते सहज मिळवले. बोलण्यात अर्ध्या गुणानं राहिली. दवाखान्यानं कळवलं की जागा दसऱ्यापर्यंत राखून ठेवू, तोवर पुन्हा परीक्षा द्या.

ही नोकरी तिला कशासाठी हवी होती, ते तिनं मला एकदाच सांगितलं. "मामी, तिकडं डॉक्टर नर्सला इचारतेत म्हने, तुला काय वाटतंय म्हणून. मला ते इचारलेलं एकदा ऐकायचंय." लातूरला रात्रभर रुग्णाजवळ बसायची ती, आणि सकाळी डॉक्टर आले की तिनं फाइल धरून बाजूला उभं राहायचं. त्यामुळे ती जे म्हणाली ते मला लगेच कळलं, आणि मी म्हटलं, तू ये माझ्याकडं, बघते मी त्या परीक्षेकडं.

ती सुट्टीच्या रविवारी सकाळच्या बसनं लातूरहून निघायची आणि जेवणाच्या आधी नांदेडला पोहोचायची. फोनवर शिकवायचा प्रयोग मी करून पाहिला होता, पण तिच्या खोलीत रेंज यायची तेव्हा माझ्या घरातली लाईट गेलेली असायची. शेवटी मीच म्हटलं की समोर बसल्याशिवाय भाषा येत नाही.

पहिल्या रविवारी मी तिला विचारलं, प्रदर्शनाच्या कार्डाचं नेमकं काय झालं. ती म्हणाली, ती मिनिटभर विचार करत बसली, दुकानातल्या कॅलेंडरवरच्या चित्रांशिवाय दुसरं कुठलंच चित्र डोळ्यांपुढं येईना, मग 'चित्रं छान असतात, मला चित्रं आवडतात' एवढं बोलून ती थांबली. मी कपाळावर हात मारला. मग म्हटलं, बरं, ड्यूटी बदलताना तू दुसऱ्या नर्सला रुग्ण कसा सोपवतेस ते इंग्रजीत सांग. झालं, बाई सुरू झाल्या. रुग्ण कुठल्या अवस्थेत आला, काय दिलं, काय द्यायचं राहिलं, रात्री कशावर लक्ष ठेवायचं, नातेवाइकांना काय सांगितलंय आणि काय नाही. एकही वाक्य अडलं नाही. दोन मिनिटं होऊन गेली तरी मी तिला थांबवलं नाही, कारण मला पुढं काय होतं ते ऐकायचं होतं. हिचं इंग्रजी कमी? मला तर त्या दिवशी कॉलेजातल्या दोन-तीन सहकाऱ्यांचं इंग्रजी आठवलं आणि मी गप्प बसले.

मग रोग कुठं आहे ते उघड होतं. ती परीक्षा इंग्रजी तपासायला निघते आणि वाटेत तुमचं घर तपासून येते. तुम्ही सुट्टीत कुठं जाता, तुमचा छंद कोणता, तुम्ही कुठल्या संग्रहालयात गेलात, कुठल्या हॉटेलात उतरलात. ज्यांच्या घरात हे सगळं होतं त्यांच्या तोंडी त्याचे शब्द आधीच असतात. बाकीच्यांनी आधी अनुभव शोधायचा, मग शब्द, आणि तोवर घड्याळ पुढं गेलेलं. हे मी आमच्या स्टाफरूममध्ये बोलले तर एक जण म्हणाले, मॅडम, मग घोकून घ्या ना तिच्याकडून. त्यांचा तसा दोष नाही, आम्ही सगळे घोकूनच इथवर आलोय.

मी घोकून घ्यायला बसले. पहिल्यांदा समुद्र घेतला. समुद्र मी स्वतः एकदाच पाहिलेला, कॉलेजच्या सहलीत, पण तेवढ्या भांडवलावर मी तिला वाळू, लाटा, सूर्यास्त सगळं शिकवलं. ती शांतपणे ऐकत होती. मग विचारते, "पाण्यात जाताना पिशव्या कुणाकडं ठेवतेत मामी?" मी म्हटलं, तो प्रश्न परीक्षेत येणार नाही. तिचं म्हणणं, आला तर? आणि चपला? ते काही मला आठवेना. छंद विचारला तर म्हणाली, डबल ड्यूटी असते, छंद कधी करू. मोकळ्या वेळात काय करतेस, तर झोपते. हे इंग्रजीत सांगायला तिला दोन शब्द लागले आणि दोन मिनिटांतली बाकी सगळी शिल्लक राहिली.

हॉटेलचं तर विचारूच नका. आमच्याकडं परगावी गेलं की नातेवाइकांकडं उतरायचं, हा नियम आहे. ती म्हणाली, लॉजमध्ये राहिल्यामुळं त्यांच्या घरात एकदा केवढं महाभारत झालं होतं. तिचे वडील मिरचीच्या सौद्याला धर्माबादला गेले, पोहोचायला उशीर झाला, एवढ्या उशिरा कुणाला उठवायचं म्हणून स्टँडजवळच्या लॉजवर झोपले. धर्माबादलाच त्यांची आत्या राहते. आत्याला हे कुणीतरी सांगितलं. पुढं घरात लग्न निघालं तेव्हा आत्या आली, मांडवात बसली, आहेर दिला, आणि जेवायला उठेना. माझं घर असताना हा लॉजवर निजला, आता मी याच्या घरचं अन्न कसं खाऊ. शेवटी भाचीच्या वडिलांनी सगळ्या पाहुण्यांसमोर आत्याच्या पाया पडून माफी मागितली तेव्हा ती पानावर बसली. भाची हे मराठीत इतकं रंगवून सांगत होती की मी हसले, आणि लगेच भानावर येऊन तिला झापलं. म्हटलं, हे तिथं मुळीच सांगू नकोस. ते हॉटेलवर विचारतील, तुझ्या वडिलांच्या आत्यावर नाही.

मग मी तिला सरळ खोटं बोलायला सांगितलं. म्हटलं, ही काही शपथेवरची साक्ष नाही, गेलीस समजा गोव्याला, राहिलीस समजा एका मोठ्या हॉटेलात. तिनं मन लावून प्रयत्न केला. गोव्याला पोहोचली, खोलीत सामान ठेवलं, खिडकी उघडली आणि तिथंच अडली. खिडकीतून काय दिसतं ते तिला ठरवता येईना. म्हणाली, "मामी, खोटं बोलायला लई इंग्रजी लागतंय. खऱ्याला येवढं लागत न्हाई." त्यावर मी तिला ओरडले, पण तिचं बरोबर होतं. खिडकीबाहेरचा समुद्र तयार करण्यातच तिचं सगळं डोकं गुंतायचं आणि वाक्य वाऱ्यावर पडायचं.

या रविवारांचं जेवण माझ्याकडंच व्हायचं. ती बसमध्ये असताना मी एका हातानं स्वयंपाक उरकायची आणि दुसऱ्या हातानं प्रश्न काढायची. बहुतेक वेळा येसराची आमटी असायची. येसर म्हणजे डाळी-धान्यं भाजून, मसाला घालून दळलेलं पीठ. उदगीरहून नणंद, म्हणजे भाचीची अव्वा, डबा भरून पाठवते, त्यामुळं ते केलं की भाचीला घरच्यासारखं वाटेल असा माझा हिशेब. ती आणि माझे यजमान शेजारी शेजारी बसून जेवायचे. दोघांचं वळण एकच, माझ्या सासरचं. त्या घरात शिवपूजा झाल्याशिवाय कुणी जेवत नाही, ताटात काही टाकत नाहीत, आणि शेवटी ताटात पाणी घालून, बोटानं ताट धुऊन ते पाणी पितात. लग्न होऊन मी त्या घरात गेले तेव्हा मला हे नवल वाटलं होतं, नंतर सवयीचं झालं. जेवून उठताना भाची दर वेळी म्हणायची, "छान झालं मामी." यजमान तर कधीच काही म्हणत नाहीत.

इथं माझ्या माहेरचं सांगायला हवं. आमच्या नांदेडच्या घरात स्वयंपाकाला नावं ठेवणं हा जेवणाचाच एक भाग होता. माझे वडील पहिल्या घासाला मीठ कमी आहे म्हणायचे, मग भाऊ भाकरी जाड झाली म्हणायचा, आई दोघांना फैलावर घ्यायची, आणि मग सगळे भरपेट जेवायचे. कुणी काहीच बोललं नाही म्हणजे त्या दिवशी स्वयंपाक फक्कड जमला असं आम्ही धरायचो. तेव्हा सासरी आल्यापासून माझ्या हातचं सगळे मुकाट जेवतात, ताट धुऊन पितात, यावरून मी काय समजायचं? मी समजले की मी सुगरण आहे.

दुसऱ्या वेळच्या परीक्षेला मी तिच्याबरोबर हैदराबादला गेले. उतरलो अर्थातच नात्यातल्या एका घरी. सकाळी तिला केंद्रावर सोडलं आणि बाहेर सावलीत उभी राहून मनातल्या मनात समुद्र, संग्रहालय, हॉटेल सगळ्याची उजळणी करत होते, जणू परीक्षा माझीच होती. ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला. स्टेशनवर पोहोचल्यावर, गाडीची वाट पाहताना, तिनं कार्ड काय होतं ते सांगितलं. 'तुम्हाला न आवडलेल्या एका जेवणाबद्दल बोला. कुठं जेवलात, कुणाबरोबर, काय होतं, का आवडलं नाही.'

मला आनंदानं ओरडावंसं वाटलं. समुद्र नाही, चित्र नाही, गोवा नाही. जेवण! जो माणूस जेवतो तो यावर बोलू शकतो. यासाठी कुठल्या घरात जन्मावं लागत नाही. मी विचारलं, मग काय बोललीस? ती म्हणाली, मी म्हटलं, माझं असं कुठलं जेवण नाही, सगळी जेवणं चांगली होती. पुढं? पुढं परीक्षक बाईंनी विचारलं, आणखी काही सांगायचंय का. मग? मी म्हटलं, नो, थँक यू.

माझा तोल गेला. फलाटावर बसलेली माणसं वळून बघायला लागली. म्हटलं, अगं, साऱ्या आयुष्यात तुला एक वाईट जेवण मिळालं नाही? लग्नातलं गार झालेलं वरण नाही? दवाखान्याच्या मेसमधलं? ती खाली मान घालून म्हणाली, "मेसमदलं ठीक असतंय." मी विचारलं, एसटी स्टँडवरचा वडा? "तेबी ठीक असतोय." ठीक! ज्या वड्यानं माझा नवरा दोन दिवस आडवा पडला होता तो वडा हिला ठीक वाटतो. आणि त्या ठीकपणापायी हिनं नोकरी घालवली. गाडी आली, आम्ही चढलो, जागा मिळाली, तरी माझं तोंड चालूच होतं. ती खिडकीशी बसून ऐकत होती. निजामाबाद गेलं, बासर गेलं, गोदावरी ओलांडली. शेवटी मीच दमले आणि थांबले.

धर्माबाद यायच्या जरा आधी ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "आठवलं होतं मामी मला येक. कार्ड वाचलं की लगीच आठवलं होतं."

मी म्हटलं, मग बोलली का नाहीस?

"तुमच्याकडलं होतं."

मला आधी कळलंच नाही. मी विचारलं, माझ्याकडलं काय?

"जेवण. रविवारचं." तिचे डोळे भरले होते. "दुसरं आठवायला बघून राहिले होते, पर तेच म्होरं येत होतं. परक्या बाईपुढं तुमच्या घरच्या अन्नाला नावं कशी ठेवू? तिथं रेकॉर्डिंगबी चालू होतं."

धर्माबाद आलं, मिरचीची पोती दिसली, कुणीतरी चहा विकत गेला. आधी मला अपमान झाल्यासारखं वाटलं, आणि तो झालाच होता. एवढ्या रविवारी छान झालं, छान झालं म्हणत होती ही. मग दुसरी गोष्ट हळूहळू डोक्यात उतरली. माझ्या येसराच्या आमटीची अब्रू राखायला हिनं अर्धा गुण सोडला होता, तोच अर्धा गुण, ज्याच्यासाठी ती लातूर-नांदेडच्या बसमध्ये हाडं खिळखिळी करून घेत होती. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि तिला जवळ घ्यावंसं वाटलं. मी दोन्ही केलं नाही. मुदखेड गेल्यावर पिशवीतले शेंगदाणे काढून तिच्यापुढं धरले. तिनं घेतले.

घरी आल्यावर ती झोपली आणि मी यजमानांसमोर जाऊन उभी राहिले. विचारलं, अहो, माझी आमटी कशी होते? त्यांनी पेपर खाली केला, माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा वर केला. मी म्हटलं, सगळं कळलंय मला, आता बोला. तेव्हा पेपराच्या मागून म्हणाले, "आमच्यात बोलत नाहीत." मी विचारलं, लग्नापासून आजपर्यंत? तर म्हणाले, ताटात पडतं तो प्रसाद असतो, प्रसादाला काय नावं ठेवायची. म्हणजे इतकी वर्षं हा माणूस माझा स्वयंपाक प्रसाद म्हणून खात होता. मी कप्पाळ बडवून घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं. मी इंग्रजी शिकवते, दुसऱ्याच्या भाषेतलं न बोललेलंही ओळखायला शिकवते, आणि माझ्या स्वतःच्या जेवणाच्या खोलीतलं मौन मला वाचता आलं नव्हतं. दोष कुणाचा? मला विचाराल तर तिघांचाही, आणि सर्वांत जास्त परीक्षेचा.

निकाल अपेक्षेप्रमाणे लागला. पुन्हा अर्धा गुण. दसऱ्याआधीची एकच तारीख उरली होती. भाचीनं फोनवर सांगितलं, राहू द्या मामी, नाही बसत मी आता, अव्वाबी म्हणती की लातूर काय वाईट हाय. मी म्हटलं, रविवारी ये. ती म्हणाली, शिकायला नाही येत. मी म्हटलं, शिकू नकोस, जेवायला ये.

त्या रविवारी मी मुद्दाम नेहमीसारखाच स्वयंपाक केला. काही सुधारलं नाही, काही बिघडवलं नाही. तीच येसराची आमटी, त्याच भाकरी, तोच भात. ती जेवली, ताट धुऊन पाणी प्याली, आणि सवयीनं म्हणायला गेली, छान झालं. अर्ध्यात थांबली. मी तिचं ताट उचलून बाजूला ठेवलं, फोनवर दोन मिनिटांची घंटी लावून तो समोर ठेवला आणि म्हटलं, ताट धुतलं, प्रसाद पोटात गेला. आता ते अन्न राहिलं नाही, विषय झाला. न आवडलेलं जेवण. दोन मिनिटं. बोल.

ती घाबरली. नको मामी, म्हणाली. आतल्या खोलीत यजमान होते, त्यांच्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, तिकडं बघू नकोस, ते तुझ्याच पक्षातले आहेत. तरी ती बोलेना. तेव्हा मला खरंच राग आला, आणि मी तिला म्हटलं, "तिकडं डॉक्टर विचारतील ना तुला, काय वाटतंय म्हणून? तेव्हा काय सांगशील? सगळं ठीक आहे? सगळे पेशंट छान झाले?"

मग तिनं पदर नसतानाही पदर सारखा करावा तशी ओढणी सारखी केली आणि सुरुवात केली. इंग्रजीत. आधी हळू. मी दर रविवारी माझ्या मामीकडं जेवते, ती माझ्यावर फार माया करते, तिला वेळ नसतो. मग रुग्ण सोपवताना जो आवाज तिचा लागतो तो लागला. आमटीत गाठी असतात, कारण मामी पीठ गरम पाण्यात टाकते. गाठ फोडली की आत कोरडं पीठ निघतं. आमटी खाली लागते, मग मामी वरून पाणी ओतते, त्यामुळं करपल्याची चव सगळीकडं पसरते. भाकरी मधे कच्ची आणि कडेला कडक असते. मीठ एका रविवारी नसतं आणि दुसऱ्या रविवारी दोन्ही रविवारांचं असतं. दोन मिनिटं संपली, फोन वाजला, तिनं तो न बघताच बंद केला आणि भातावर बोलायला लागली. आतल्या खोलीत खुर्ची करकरली आणि यजमानांना ठसका लागला. ते हसत होते हे मला भिंतीपलीकडून कळत होतं.

मला फार लागलं. खोटं कशाला सांगू. पण मी आयुष्यभर मुलांना ज्याच्यासाठी रक्त आटवून शिकवलं ते इंग्रजी माझ्यासमोर बसून बोलत होतं, न अडखळता, कुठलीही लाट किंवा सूर्यास्त न घेता, आणि माझ्या भातावर तुटून पडत होतं. एका ठिकाणी तिचा क्रियापदाचा काळ चुकला. मी दुरुस्त केला नाही. ती थांबली आणि तिनं वाकून माझे पाय धरले. मी म्हटलं, उठ, आणि तारीख घे.

शेवटच्या परीक्षेला ती एकटीच गेली, माझी कॉलेजात ड्यूटी होती. संध्याकाळी तिचा फोन आला. कार्ड होतं, 'तुम्ही राहिलेल्या एका हॉटेलबद्दल बोला.' मी म्हटलं, गोवा सांगितलंस ना, खिडकी, समुद्र, सगळं? ती म्हणाली, नाही. मी सांगितलं की मी कधी हॉटेलात राहिले नाही, आणि आमच्याकडं लोक का राहत नाहीत ते सांगते. आणि मग तिनं परीक्षक बाईंना धर्माबादची आत्या सांगितली. लॉज, लग्न, मांडव, जेवायला न उठलेली आत्या, पाहुण्यांसमोरची माफी. घंटी झाली तरी बाईंनी तिला थांबवलं नाही, उलट विचारलं, मग आत्या जेवली का? मी फोनवरच तिच्यावर कडाडले. हेच सांगू नकोस म्हणून मी तुला बजावलं नव्हतं का? म्हणाली, "हाव मामी, पर मला तेच म्हाईत होतं."

तिला हवे होते त्याहून अर्धा गुण जास्तच मिळाला. मी शिकवलेलं एकही वाक्य तिनं वापरलं नव्हतं. त्या निकालानं परीक्षा काही शहाणी झालेली नाही, ती कार्डं अजून तशीच आहेत. परवाच हदगावची एक मुलगी माझ्याकडं आली, तिला बर्फावरच्या खेळांवर बोलायचं होतं. मी तिला आधी पाणी दिलं.

भाची निघायच्या आदल्या दिवशी आमच्याकडं जेवायला आली. मी सकाळपासून स्वयंपाकघरात होते. येसर आधी गार पाण्यात कालवलं, मंद आचेवर ठेवलं, हलवत उभी राहिले, फोन आला तरी घेतला नाही. यजमानांनी दोनदा येऊन डोकावलं आणि काही न बोलता गेले. ती जेवली. आमटी पुन्हा मागून घेतली. ताट धुतलं, पाणी प्याली आणि म्हणाली, "छान झालं मामी."

मी म्हटलं, "खरं सांग. इंग्रजीत सांग."

ती हात पुसत हसली. म्हणाली, "परीक्षा झाली आता, मामी."